पानाच्या पाठीवरचं गाव

आमच्या कचेरीत त्यांना सगळे दाभण म्हणायचे, आणि ते काही लाडाने नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पोती शिवायचा दाभण घेऊन फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? फाटकं रजिस्टर दिसलं की हे खिशातून दाभण काढणार, ड्रॉवरमधून मेण लावलेला दोरा काढणार, आणि मग समोर साहेब उभे असोत की साहेबांचे साहेब, शिवण पुरी झाल्याशिवाय मान वर करणार नाहीत. त्यांच्या समोरच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं टाइप केलं. तोंडावर काका म्हणायचे, पाठीमागे मीही दाभणच म्हणायचे. खोटं कशाला बोलू?

जिल्हा कचेरीच्या खालच्या मजल्यावर आमची रेकॉर्ड रूम. जिल्ह्याचा इतिहास वाचायचा तर पुस्तक नको, आमच्या मांडण्या बघा. पहिली मांडणी भिंतभर. तेव्हा अकराशे गावांचा एकच अखंड जिल्हा होता आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला माणसाला दोन दिवस लागायचे. दुसरी मांडणी निम्मी रिकामी. चौतीस वर्षांपूर्वी जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा निम्मी दप्तरं ट्रकमध्ये भरून गेली ती परत आली नाहीत. पुढे बारा वर्षांनी तो दुसरा तुकडा तिसऱ्याच एका जिल्ह्याला जोडला. आणखी सात वर्षांनी सरकार बदललं तसा पुन्हा सोडवला आणि त्याला नवीन नाव दिलं. आता चौथी खेप होती. दोन्हीकडच्या कडेकडेच्या गावांचा मिळून एक नवा जिल्हा व्हायचा होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय, नकाशावर पट्टी ठेवली आणि रेघ मारली. माणसं आपापल्या जागी चुलीपुढे बसलेली असतात, पळापळ होते ती दप्तरांची आणि आमची.

काकांची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. त्या आठवड्यात त्यांची बहीण आली.

ही त्यांची धाकटी बहीण. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. गावात पिठाची गिरणी होती, ती आता हीच चालवायची. कधीही आली तरी भुवयांत पीठ अडकलेलं असायचं, आणि आली की सगळ्या खोलीचा आवाज एक पट्टी वर जायचा. त्या दिवशी मात्र ती हळूच येऊन काकांच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसली आणि घडी घातलेला कागद पुढे सरकवला.

"दादा, हे बघ काय लिहिलंय. गावात म्हणे कोणी राहत नाही."

"कोणी दिलं हे?"

"शिपाई आला होता. माझ्या ओट्यावर बसून दोन तांबे पाणी प्यायला, नि मग माझ्याच हातात कागद ठेवला, की इथं माणूस नाही."

"मग पाणी भुतानं दिलं का, असं विचारायचं की त्याला," मी म्हटलं. ती हसली. काका हसले नाहीत. ते कागद वाचत होते आणि एकच ओळ परत परत वाचत होते, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं.

नोटीस अशी होती. मूळ गणतीच्या नोंदवहीत या गावाची लोकसंख्या आढळत नाही, म्हणून गाव बेचिराख समजण्यात येत आहे. बेचिराख म्हणजे जिथे दिवा लावायलाही कोणी उरलेलं नाही असं गाव. अशा गावाची जागा सरकारची. नव्या जिल्ह्याचं मुख्यालय त्याच जागेवर व्हायचं होतं, कारण जागा सपाट होती, रस्त्याला लागून होती आणि तिन्ही तालुक्यांना सारख्या अंतरावर होती. तिथे कोणी राहत असेल तर ते अतिक्रमण. हरकत असेल तर तीस दिवसांत पुराव्यासह मांडावी, आणि पुरावा एकच धरला जाईल, मूळ गणतीचं पान, म्हणजे जिल्हा अखंड होता तेव्हाच्या गणतीचं.

"आणि रहिवासाचे कागद? मतदानाचे, विजेचे?" मी विचारलं.

"त्या सगळ्यांवर शेजारच्या गावाचं नाव आहे, बाई. आमच्या गावाचं नाव यादीत येतच नाही म्हणून पहिल्यापासून तसंच लिहितात. आम्ही म्हटलं, लिहिनात का, पत्र तर पोचतंय ना."

म्हणजे त्यांच्याच कागदांनी त्यांचा घात केला होता. कागद सांगत होते की ही माणसं शेजारच्या गावात राहतात, मग इथे यांची घरं कशी? अतिक्रमण. एवढ्या सरळ हिशोबाने माणसाला उठवून लावता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि मी सरकारी नोकर.

"पण काळजी नाही," बहीण उठता उठता म्हणाली. "लोक वकील करायला निघाले होते, मी थांबवलं. म्हटलं, माझा भाऊ रेकॉर्डात आहे. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय जिल्ह्यातलं पान हलत नाही. काढशील ना, दादा?"

"बघतो," काका म्हणाले.

पुढचे पाच दिवस त्यांनी काहीच बघितलं नाही. मूळ गणतीचं रजिस्टर पहिल्या मांडणीत तिसऱ्या फळीवर होतं, त्यांच्या खुर्चीपासून आठ पावलांवर. त्यांनी त्या पाच दिवसांत आणखी चार रजिस्टरं शिवली, पण त्या मांडणीकडे पाठ करून बसले. सहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी स्वतः उठले, रजिस्टर काढलं आणि त्यांच्या पुढ्यात आपटलं.

"तुम्हाला जमत नसेल तर मी शोधते. बहीण तुमची आहे का माझी?"

"सापडायचं नाही," ते म्हणाले.

मी उघडलं. मोठं, जाड, पाठपोट लिहिलेलं रजिस्टर. कागद वाचवायला पूर्वी असंच लिहीत, पुढच्या बाजूला एक गाव आणि मागच्या बाजूला दुसरं. मधे मधे पानं कापलेली होती. कापल्याजागी शिवणीपाशी बोटभर पट्टी उरलेली, आणि त्या पट्टीला काकांच्या अक्षरातली नक्कल जोडून शिवलेली. अशा दहा जागा मी मोजल्या. अकराव्या जागी नुसती पट्टी होती, नक्कल नव्हती.

"हे काय?"

त्यांनी दाभणाचं टोक अंगठ्यावर टेकवलं. मग त्यांनी सांगितलं, आणि एकदा सुरू केल्यावर थांबले नाहीत.

पहिल्यांदा जिल्हा तुटला तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते, नोकरीला लागून वर्ष झालेलं. हुकूम होता की ज्याची त्याची गावं ज्याच्या त्याच्या जिल्ह्याला द्या. रजिस्टर उसवून पानं वेगळी करायला एकच दिवस, बाहेर ट्रक उभे. अकरा पानं अशी निघाली की पुढच्या बाजूचं गाव त्या जिल्ह्यात आणि पाठीमागचं गाव या जिल्ह्यात. पान तर एकच. तेव्हा यांनी पान तिकडे द्यायचं ठरवलं आणि पाठीमागच्या बाजूची नक्कल करून इकडे शिवायची. दहा केल्या. अकरावी लिहायला घेतली आणि ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

"म्हटलं, पान जाऊ दे, उरलेलं मागवून घेऊ. पत्र लिहू. पत्र राहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुसरं काम दिलं, नि मग मी विसरलोच, बाई. खरंच विसरलो."

"आणि तेच गाव तुमच्या बहिणीचं?"

"तेव्हा कुठे होतं? तेव्हा ते नुसतं एक पान होतं. दोन वर्षांनी तिला तिकडून स्थळ आलं. आई म्हणाली, गाव कसं आहे कोणाला माहीत? मी म्हटलं, मला माहीत आहे. एक्केचाळीस घरं, दोनशे बारा माणसं, बंद घर एकही नाही. नांदतं गाव आहे, दे. पानाच्या माथ्यावर तसंच लिहिलं होतं. आकडे आठवले. पान कुठंय ते नाही आठवलं."

"कळलं कधी?"

"पुढच्या गणतीला. गावांची यादी मूळ रजिस्टरवरून करतात. यादीत हे गाव नाही म्हणून तालुक्याने विचारलं. तेव्हा कळलं. तेव्हा मुलं लहान होती. बोललो असतो तर चौकशी लागली असती. मी यादीच्या कडेला पेन्सिलने लिहिलं, शेजारच्या गावाची वस्ती समजावी."

त्या पेन्सिलीवर पुढच्या वेळी कोणीतरी शाई फिरवली. त्याच्या पुढच्या वेळी कॉम्प्युटर आला आणि त्याने ते गिळलं. दर दहा वर्षांनी गणती होत राहिली, माणसं वाढत राहिली, आणि सगळी शेजारच्या गावाच्या बेरजेत जमा होत राहिली. कोणाचं काही अडलं नाही म्हणून कोणी विचारलं नाही. आता त्रेसष्ट घरं होती.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. चौकशीच्या भीतीने माणूस गप्प बसतो हे मला समजतं, मीही बसले असते. पण भाऊ म्हणून दरवर्षी त्या गावात जायचं, बहिणीच्या हातचं खायचं, तिच्या ओट्यावर पाय पसरून बसायचं, आणि हे गाव कागदावर नाही हे एकट्याने पोटात ठेवायचं, हे कसं जमतं? तीन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तीसमधले तीन दिवस माझ्या फुगण्यात गेले, हेही लिहायला पाहिजे.

मग मीच म्हटलं, पान तिकडे गेलंय ना, मग तिकडे असेल. चला.

तीन बस बदलून आम्ही दुसऱ्या जिल्ह्याच्या कचेरीत पोचलो. तिथला रेकॉर्डकीपर लठ्ठ आणि पडशाने बेजार, दर वाक्याला रुमाल काढणारा. पण माणूस भला. त्यांची दप्तरं तिसऱ्या जिल्ह्यात जाऊन परत आली होती, त्यात दोनदा गोदाम बदललं, एकदा पाणी शिरलं. आम्ही दोन दिवस त्याच्या खोलीत गठ्ठे उलगडत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी एक रजिस्टर उघडलं आणि हात मागे घेतला.

"हे माझं कापलेलं आहे," ते म्हणाले. पानाची कड बघून त्यांनी ओळखलं. कापताना तेव्हा सुरी खाली घसरली होती, तो तिरकेपणा चौतीस वर्षांनीही तसाच होता.

पान होतं. पुढच्या बाजूचं गाव स्वच्छ वाचता येत होतं. काकांनी पान उलटायला बोट घातलं तर ते उलटेना. पान जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं होतं, चारी कडांना, मध्ये, सगळीकडे खळ लावून. पाठीमागची बाजू पुठ्ठ्याला तोंड लावून बसली होती.

"पाण्यात भिजलेली पानं आम्ही अशीच वाचवली," रेकॉर्डकीपर म्हणाला. "मागं दुसऱ्या जिल्ह्याचं काहीतरी होतं, आमच्या कामाचं नव्हतं. त्याचं काय होतं?"

"काही नाही," काका म्हणाले. "ज्याने चिकटवलं त्याने चांगलं चिकटवलंय."

मला तर रडू यायला लागलं. काका मात्र शांतपणे कामाला लागले. ओला फडका घेतला, पिळला, खालच्या कोपऱ्यावर ठेवला, वर पुस्तक ठेवलं आणि वाट बघत बसले. पाऊण तासाने दाभणाच्या टोकाने कोपरा उचलला. बोटभर सुटला. आम्ही तिघांनी डोकी एकत्र करून बघितलं. शाई खळीबरोबर पुठ्ठ्यावर गेली होती आणि तिथे निळा चिखल झाला होता. पुढच्या बाजूच्या तळाचा आकडाही भिजून पसरायला लागला होता.

"तेवढं पुरे," रेकॉर्डकीपर घाईने म्हणाला. "ह्या पुढच्या गावात आज साडेतीन हजार माणसं आहेत, साहेब. त्यांचंही एवढंच एक पान. उद्या त्यांना असाच कागद आला तर मी कुठे तोंड दाखवू?"

मी काकांकडे बघत होते. खरं सांगते, मला वाटत होतं त्यांनी ऐकू नये. साडेतीन हजार माणसं गेली खड्ड्यात, ती बोलक्या तोंडाची आहेत, बाजारपेठेची आहेत, त्यांना कोणी उठवणार नाही. ओढा पान. चार ओळी जरी मिळाल्या तरी मिळाल्या. काकांनी टिपकागद मागितला, ओला कोपरा कोरडा केला आणि परत जागच्या जागी चिकटवून दिला. जाताना रेकॉर्डकीपरने लेटरहेडवर लिहून दिलं की पान उपलब्ध आहे, मागील बाजू वाचता येत नाही. त्यावर शिक्काही मारला.

बसमध्ये मी त्यांना म्हटलं, "काका, ऐका. आपल्याकडे जुना कोरा कागद आहे. शाई आहे. अक्षर तुमचंच. नक्कल करा नि त्या पट्टीला शिवून टाका. दहा आहेत, अकरावी कोण मोजतंय? तुम्हाला तर ते पान पाठ आहे."

"नाही जमायचं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मला वाटलं, तत्त्वाचा माणूस. मनात चार शिव्या दिल्या आणि थोडा मानही दिला. तत्त्व-बित्त्व काही नव्हतं, हे मला सुनावणीत कळलं.

उरलेल्या दिवसांत बहीण चारदा आली. दर वेळी "झालं का रे?" आणि दर वेळी "बघतोय". शेवटच्या खेपेला तिने गिरणीचं ताजं पीठ आणलं, एक डबा त्यांना आणि एक मला. तो डबा मला उचलवेना. मी जिन्यात काकांना गाठून म्हटलं, तिला सांगा, अजून चार दिवस आहेत, वकील तरी करू दे. ते म्हणाले, सांगतो. त्यांनी सांगितलं नाही.

सुनावणी तिसाव्या दिवशी, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात. जबाब टाइप करायला मीच होते. गावातून वीस-पंचवीस माणसं आली होती, बहीण सगळ्यांत पुढे, गिरणी बंद ठेवून. साहेब तरुण होते, काकांच्या मुलाच्या वयाचे, आणि वाईट मुळीच नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान कोणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब?" बहीण म्हणाली. "ही बघा माणसं. कमी वाटत असतील तर गाडी काढा, बाकीची दाखवते. म्हातारी आहेत, तान्ही आहेत, एक तर परवाच झालंय."

"माणसं आहेत, मावशी. मी कुठे नाही म्हणतो? पण कागदावर ती दुसऱ्या गावची आहेत. ह्या गावची आहेत असं मला एक पान दाखवा. मी आत्ता सही करतो."

"दादा," ती मागे वळून म्हणाली. "दे ना."

काका उठले. त्यांनी शिक्का मारलेलं पत्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. पान आपण कापलं, नक्कल करायची राहिली, नंतर कळल्यावर आपण पेन्सिलने लिहिलं, सगळं सांगितलं, नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, साहेबांपुढे, बहिणीपुढे. मी टाइप करत होते. मागच्या रांगेत कोणीतरी "आयला" म्हणालं, तेवढंच.

"पण मला पान पाठ आहे," काका म्हणाले. "लिहून घ्या."

त्यांनी डोळे मिटले. "घर पहिलं. सुतार, वय चाळीस. बायको. मुलगे दोन, मुलगी एक. म्हातारी आई, आंधळी. घर दुसरं. सुताराचा भाऊ, वय पस्तीस. बायको. मूल नाही. घर तिसरं. बाई एकटी, वय साठ, धंदा टोपल्या विणणं."

मागचा एक म्हातारा हळूच म्हणाला, "ती माझी आत्या." चौथ्या घराला दुसरा कोणी "हो हो" म्हणाला. काका एका सुरात म्हणत राहिले, वयं, नाती, लंगडा, शिकलेला, नोकरीनिमित्त परगावी. प्रत्येक घराला मागे कुणीतरी मान हलवत होतं. साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. मला वाटलं, होतंय. मला खरंच वाटलं की होतंय.

"घर सतरावं. कुंभार, वय पन्नास. बायको. मुलगे चार. सून एक."

आणि ते थांबले. आम्ही वाट बघितली. त्यांनी डोळे उघडले.

"पुढचं सांगा, काका," साहेब म्हणाले. "एक्केचाळीस आहेत ना?"

"पुढचं मला माहीत नाही. मी सतराव्यापर्यंत लिहिलं होतं. तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला."

बसमधलं "नाही जमायचं" मला तेव्हा कळलं. खोटं पान करायची त्यांची तयारी होती की नव्हती देव जाणे, पण चोवीस घरं त्यांच्याकडे नव्हतीच. आणि नसलेलं घर मनाने लिहिणं हे त्या माणसाच्या हाताला येत नव्हतं.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "काका, ह्यातलं मी काय लिहू? पाठांतर हा पुरावा नाही. आणि असता, तरी तो अर्धाच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, घरांचं राहू द्या. हरकतदार पुरावा सादर करू शकले नाहीत, एवढंच घ्या." मी पान मशीनमधून काढलं, दुसरं चढवलं आणि तेवढंच घेतलं. हे मी माझ्या हाताने केलं.

बाहेर व्हरांड्यात लोक खाली उतरून गेले. बहीण थांबली.

"आमचं कितवं होतं रे?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"तेविसावं. असावं. मी ओढ्याकडून मोजत यायचो, दर वेळी. नवीन घरं सोडून."

"असावं," ती म्हणाली. "मी त्यांना वकील करू दिला नाही, दादा. तुझ्या जिवावर."

ती जिना उतरली. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

साडेचार महिन्यांत घरं गेली. गिरणी जमिनीत बसवलेली होती, ती उखडताना तिचा पाया तुटला आणि ती भंगारात गेली. नव्या जिल्ह्याची कचेरी उभी राहिली, तीन मजली, पांढरी, आत लिफ्ट. माझी बदली तिथेच झाली आणि काकांच्या जागेवर मला बसवलं. रेकॉर्ड रूम ओढ्याच्या बाजूला आहे. ओढ्याकडून मोजत आलं तर माझं टेबल कितव्या घरावर येतं हे मी मोजलं नाही, आणि मोजणार नाही.

पहिली दप्तरं आली त्यात ते मूळ रजिस्टरही आलं, पुन्हा एकदा उसवलेलं. ते आल्याचं काकांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक. एके सकाळी ते आले. निवृत्तीनंतर चांगलेच वाळले होते. पिशवीतून त्यांनी एक पान काढलं. त्यांच्याच अक्षरात सतरा घरं लिहिलेली. त्याखाली अठरापासून एक्केचाळीसपर्यंत नुसते आकडे, पुढे ओळ कोरी. तळाला सही आणि त्या दिवसाची खरी तारीख.

"काका, ह्याचा आता काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला."

"उपयोग नाही. त्या पट्टीला शिवायचंय फक्त. माझा हात आता थरथरतो."

त्यांनी खिशातला दाभण माझ्यापुढे ठेवला. नियमात बसत नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि शिवलं. वाकडं शिवलं गेलं. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि दाभण तिथेच ठेवून गेले.

दुसऱ्या वर्षी गणती आली. नव्या जिल्ह्याची पहिली. आम्हा कारकुनांना गल्ल्या वाटून दिल्या. माझ्या वाट्याला तालुक्याच्या गावातली बसस्थानकामागची वस्ती आली. एका खोलीचं दार वाजवलं तर तीच. मला वाटलं होतं ती काकांकडे राहत असेल. काकांचं निवृत्तीनंतरचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. आता ती दुसऱ्याच्या गिरणीत दळण घालायला जात होती. भुवयांत पीठ तसंच होतं.

तिने मला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी फॉर्म भरत गेले. वय. विधवा. एकटी. काम. मग तो प्रश्न आला, पूर्वीचं राहण्याचं गाव. टॅबवर जिल्ह्यातल्या गावांची यादी उघडली. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवली. नाही हे ठाऊक असूनही सरकवली.

"पूर्वीचं गाव?" विचारावं तर लागतंच.

ती माझ्या हातातल्या टॅबकडे बघत होती.

"दादाला विचारा," ती म्हणाली. "त्याला सतरा घरं पाठ आहेत. आमचं तेविसावं."

मी यादीच्या तळाशी जाऊन 'इतर'वर बोट ठेवलं आणि पुढच्या दाराशी गेले.